एफटीटीएचचं (घरापर्यंत फायबर जोडण्याच्या कामाचं) तयार टूलकिट: शिकाऊ फायबर टेक्निशियनने घ्यावं का?

काळी किंवा निळी कापडी बॅग, गोल फिरणारी चेन, आत इलॅस्टिकच्या पट्ट्यांत अडकवलेल्या नऊ-दहा वस्तू. काचेचा फायबर तोडायचा क्लीव्हर, आवरण सोलायचा तीन भोकांचा स्ट्रिपर, पोलवरून घरात येणाऱ्या चपट्या ड्रॉप केबलचा स्ट्रिपर, केबलमधले केवलारचे मजबूत धागे कापायची कात्री, प्रकाशाची ताकद मोजायचा पॉवर मीटर, तूट शोधायचा लाल लाइटचा पेन म्हणजे व्हीएफएल, फास्ट कनेक्टरसाठी (मशीनशिवाय हाताने बसवायच्या कनेक्टरसाठी) मापाची पट्टी, अल्कोहोलची रिकामी बाटली आणि एखादा स्क्रूड्रायव्हर. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तापकीर गल्लीत आणि ऑनलाइन सगळीकडे हे किट मिळतं. बॅगेवरचा छाप दुकानागणिक वेगळा, आतला माल बहुतेक वेळा एकाच साच्यातला. दर साधारण ३ ते ५ हजार रुपये. आयटीआय किंवा डिप्लोमा करून ब्रॉडबँडच्या फील्ड टीममध्ये अप्रेंटिस म्हणून लागलेली मुलं-मुली पहिल्या-दुसऱ्या स्टायपेंडमधून हेच घेतात, म्हणून याची नीट तपासणी व्हायला हवी.

निकाल आधीच सांगून टाकतो. पाचपैकी तीन. हात बसवायला आणि घरोघरी जोडण्या करायला हे किट पुरतं, पण त्यातला क्लीव्हर पारखल्याशिवाय बॅग उचलू नये आणि मीटरचा आकडा पडताळल्याशिवाय कुणाला कळवू नये. सगळ्यात मोठी उणीव मात्र आतल्या वस्तूंची नाही. सफाईचं सामान या बॅगेत नसतं, आणि फायबरच्या कामातल्या बऱ्याच तक्रारी सफाईशीच येऊन थांबतात.

खिशात हात घालण्याआधी आणखी एक. अप्रेंटिसला प्रत्यक्ष कामाचं शिक्षण देण्याची व्यवस्था करणं ही १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने नेमणाऱ्याची जबाबदारी आहे. तेव्हा हत्यारं कंपनीकडून मिळणार की स्वतः आणायची, हे रुजू होतानाच स्पष्ट विचारावं. स्प्लाइसिंग मशीन (दोन फायबर वितळवून जोडणारं) आणि ओटीडीआर (तूट किती अंतरावर आहे ते दाखवणारं यंत्र) तर कुणाही शिकाऊ माणसाने स्वतःच्या पैशाने घेण्याचा विचारही करू नये. ते कंपनीचंच काम.

आता क्लीव्हर, कारण किटची खरी किंमत तिथेच ठरते.

फायबर कापला जात नाही, तोडला जातो. कार्बाइडचं गोल ब्लेड काचेच्या कडेला एक बारीकसा ओरखडा काढतं, मग झाकणातला दाब फायबर किंचित वाकवतो आणि ओरखड्यापासून सुरू झालेली चीर आरपार जाते. ओरखडा योग्य खोलीचा असेल आणि फायबर सरळ ताणलेला असेल तर तोंड आरशासारखं सपाट निघतं. ब्लेड जास्त वर आलेलं असेल तर ओरखडा खोल जातो आणि कडेचा टवका उडतो. खाली राहिलं तर ओरखडाच पडत नाही, फायबर नुसता वाकतो किंवा भलत्याच जागी तुटतो. झाकणातला रबरी पॅड एका बाजूने झिजला किंवा त्याखाली कचरा अडकला तर फायबर पिळला जातो, आणि पिळलेला फायबर तिरकाच तुटतो. स्वस्त किटमधल्या क्लीव्हरचे दोष याच तीन जागी असतात: ब्लेडची उंची, पॅडचा दर्जा आणि स्लायडरचा खडखडाट.

पारखायची रीत सोपी आहे. ज्या स्प्लाइसिंग मशीनवर काम शिकता त्यावर २० क्लीव्ह, म्हणजे तोडी, करून पाहा. मशीन दोन्ही बाजूंचा कोन पडद्यावर दाखवतं. चांगल्या क्लीव्हरचा कोन बहुतेक वेळा अर्ध्या अंशाच्या आत राहतो, १ अंशापर्यंत चालवून घेता येतं. वीसपैकी तीन-चार वेळा १ अंशाच्या पुढे गेला किंवा कड तुटलेली दिसली, तर आधी खोबण आणि पॅड अल्कोहोल लावलेल्या पुसणीने साफ करा आणि पुन्हा वीस करा. तरीही तेच झालं तर बॅग परत. मशीन हाताशी नसेल तर फास्ट कनेक्टर वापरा. कनेक्टरचं अंग अर्धपारदर्शक असेल तर आत फायबर बसवून पुढून लाल लाइट सोडा. जोड बरा असेल तर सांध्यापाशी लाली मंद दिसते, क्लीव्ह बिघडला असेल तर तिथेच लख्ख चमकते.

ब्लेडच्या कडेला आकडे कोरलेले असतात. एका आकड्याची धार बोथट झाली की स्क्रू सैल करून ब्लेड पुढच्या आकड्यावर फिरवायचं. जाहिरातीत ३६ हजार किंवा ४८ हजार क्लीव्हचा आकडा दिसतो तो सगळ्या जागा मिळून, आणि तोही ब्लेड असली असेल तर. क्लीव्ह बिघडायला लागला की नवशिके पहिल्यांदा उंचीच्या स्क्रूला हात घालतात. तसं करू नका. आधी सफाई, मग आकडा बदलणं, आणि सगळे आकडे संपले तरच उंची, तीही जाणत्या माणसासमोर. उंचीचा स्क्रू एकदा फिरला की मूळ जागा पुन्हा सापडायला दिवस जातो.

वापरण्याचा क्रम ठरलेला आहे आणि तो मोडला की काम दुप्पट होतं. स्लीव्ह, म्हणजे जोडावर बसणारी संरक्षक नळी, आधी फायबरवर चढवायची. हे विसरणं म्हणजे सगळ्यांकडून होणारी पहिली चूक, कारण जोड झाल्यावर स्लीव्ह घालायला वाट उरत नाही. मग ३ ते ४ सेंटिमीटर कोटिंग काढायचं. पुसणीवर अल्कोहोल घेऊन फायबर मुळाकडून टोकाकडे दोन-तीनदा पुसायचा, नीट साफ झाला की बारीक किरकिर आवाज येतो. कोटिंगची कड क्लीव्हरवरच्या मोजपट्टीच्या ठरलेल्या आकड्यावर ठेवून झाकण लावायचं. ६० मिलिमीटरच्या नेहमीच्या स्लीव्हसाठी बहुतेक मशीनांना १६ मिलिमीटरचा क्लीव्ह चालतो. फास्ट कनेक्टरचं माप त्याच्या पाकिटावर असतं आणि तेच पाळायचं. क्लीव्ह झाल्यावर टोक कशालाही लावायचं नाही, पुसायचंही नाही. पुसलं की धूळ चिकटलीच.

तीन भोकांच्या स्ट्रिपरबद्दल तक्रार कमी आहे. मोठं भोक २ ते ३ मिलिमीटरच्या पॅचकॉर्डचं (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेल्या तयार केबलचं) बाहेरचं आवरण काढायला, मधलं ९०० मायक्रॉनचं बफर, म्हणजे कोटिंगवरचा प्लास्टिकचा थर, काढून २५० वर यायला, सगळ्यात लहान २५० मायक्रॉनचं कोटिंग काढून १२५ मायक्रॉनच्या काचेपर्यंत जायला. अडचण लहान भोकाची. दोन्ही पाती नेमकी समोरासमोर मिटत नसतील तर काचेवर डोळ्याला न दिसणारा चरा पडतो. त्या क्षणी काहीच कळत नाही. जोड होतो, लॉसही (जोडात वाया जाणारा प्रकाश) ०.०२ डीबी दाखवतो, आणि महिन्याभराने जोड ठेवायच्या ट्रेमध्ये फायबर आपोआप तुटतो. म्हणून विकत घेताना टाकाऊ फायबरचे दहा तुकडे सोलून, पुसून, रुपयाच्या नाण्याएवढ्या गोलाईत हलकेच वाकवून बघावेत. चरा नसलेला फायबर एवढं सहन करतो. दहापैकी दोन-तीन तुटले तर तो स्ट्रिपर नको. सोलताना स्ट्रिपर थोडा तिरका धरून एका दमात ओढायचा, थांबत-थांबत नाही. भोकात साचलेला कोटिंगचा भुगा ब्रशने काढायचा, सुईने कधीच नाही, कारण सुईने धार जाते.

चपट्या ड्रॉप केबलचा स्ट्रिपर २ बाय ३ मिलिमीटरच्या केबलसाठी आहे आणि त्या केबलवर छान चालतो. मात्र आपल्याकडे पोलवरून घरात येणारी केबल पुष्कळदा गोल असते, दोन किंवा चार कोरची, म्हणजे आत तेवढे फायबर असलेली, सोबत लोखंडी तार. त्या केबलला हा स्ट्रिपर निरुपयोगी आहे. आणि ती लोखंडी तार केवलार कात्रीने कापायची नाही. किटमधली कात्री बिघडते ती बहुतेक वेळा याच कारणाने. पात्यावर एकदा खाच पडली की केवलारचे पिवळे धागे कापले जात नाहीत, ओढले जातात, आणि त्या ओढीत फायबर तुटतो. तारेसाठी वेगळा कटर घ्या, साधा चांगला कटर पुरतो.

पॉवर मीटरकडे येऊ, कारण शिकाऊ माणसाच्या हातात निर्णय देणारी वस्तू हीच.

या किटांत मीटरचे दोन प्रकार येतात. एक मायनस ७० ते प्लस १० डीबीएमचा (डीबीएम हे प्रकाशाची पॉवर मोजायचं एकक), दुसरा मायनस ५० ते प्लस २६ चा. घरगुती जीपॉनच्या (एक फायबर वाटून अनेक घरांना नेट देण्याच्या पद्धतीच्या) कामाला पहिला. दुसरा केबल टीव्हीच्या कामाला, कारण तिथे ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी पॉवर प्लस १० च्या वर सहज असते आणि पहिल्या प्रकारच्या मीटरचा डिटेक्टर तिथे खराब होऊ शकतो. पुष्कळ ठिकाणी एकच केबलवाला टीव्हीही देतो आणि नेटही. अशा टीममध्ये काम असेल तर दुकानदाराला कोणता मीटर आहे ते विचारून घ्या, बॅगेच्या बाहेर हे लिहिलेलं नसतं.

मीटर चालू केल्याबरोबर वेव्हलेंग्थ, म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी, पाहायची. जीपॉनमध्ये ग्राहकाकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, ग्राहकाकडून जाणारा १३१० चा. काही मीटर चालू होताना ८५० वरच उभे राहतात. ८५० ला हा डिटेक्टर कमी संवेदनशील असतो, म्हणून मीटर तेवढी भर घालून आकडा दाखवतो. १४९० चा प्रकाश ८५० च्या सेटिंगवर मोजला तर पॉवर खऱ्यापेक्षा कित्येक डीबीने चांगली दिसते. ‘मायनस २० येतंय, लाइन ओके’ असं सांगून टीम निघते आणि रात्री ग्राहकाच्या ओएनटीवर (घरात बसवलेल्या फायबरच्या यंत्रावर) लाल दिवा लागतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

दुसरा फसवा आकडा टीव्ही आणि नेट एकाच फायबरवर असतील तेव्हाचा. टीव्हीचा प्रकाश १५५० वर असतो. साधा मीटर फायबरमधून येणारा सगळा प्रकाश एकत्र मोजतो, वेव्हलेंग्थचं बटण दाबल्याने तो वेगळा होत नाही. बटणाने फक्त हिशेब बदलतो. अशा लाइनवर किटमधल्या मीटरचा आकडा नेटसाठी धरूच नये. त्यासाठी आत फिल्टर असलेला पॉन मीटर लागतो. ओएनटीकडून उलट जाणारा १३१० चा प्रकाशही साध्या मीटरने कळत नाही, कारण ओएनटी सतत प्रकाश सोडत नाही, ओएलटीने (कंपनीच्या टोकाच्या यंत्राने) वेळ दिली की तेवढ्याच क्षणापुरता सोडतो. केबल काढून मीटरला लावली की ओएलटीशी संबंधच तुटतो आणि ओएनटी गप्प बसतो. नवे लोक इथे ‘ओएनटी डेड आहे’ असा निष्कर्ष काढतात. तो चुकीचा आहे.

आकडा किती यायला हवा, हे मोजण्याआधी कागदावर काढावं. ओएलटीतून प्लस ३ डीबीएम निघतंय असं धरू. वाटेत १:८ चे, म्हणजे एक प्रकाश आठ वाटांत विभागणारे, दोन स्प्लिटर, प्रत्येकी साधारण १०.५ डीबी लॉस, म्हणजे २१. पाच किलोमीटर फायबर, किलोमीटरला ०.३५ धरून १.७५. सहा जोड प्रत्येकी ०.१ प्रमाणे ०.६. चार कनेक्टर प्रत्येकी ०.३ प्रमाणे १.२. एकूण २४.५५. ग्राहकाकडे मायनस २१.५ च्या आसपास यायला हवं. बी प्लस वर्गाच्या जीपॉनमध्ये ओएनटी मायनस २७ पर्यंत ओळखतो, पण पावसाळा आणि पुढची दुरुस्ती लक्षात घेऊन मायनस २५ च्या खाली लाइन सोडू नये. उलट मायनस ८ पेक्षा जोरदार प्रकाशही ओएनटीला चालत नाही. हिशेबापेक्षा ३ डीबी जास्त लॉस आला तर केबल बदलायच्या आधी कनेक्टर पुसा आणि पुन्हा मोजा.

मीटर खरा किती, हे कळायचा एकच मार्ग आहे. कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र असलेला ऑफिसचा मीटर आणि तुमचा मीटर एकाच पॅचकॉर्डला, एकाच ठिकाणी, पाठोपाठ लावायचा. फरक ०.५ डीबीच्या आत असेल तर ठीक. १ च्या पुढे असला आणि दर वेळी तेवढाच असला, तर मीटरच्या पाठीवर तो फरक लिहून चिकटवा आणि वापरा. पण फरक दर वेळी बदलत असेल तर तो मीटर टाकाऊ आहे. किटच्या मीटरसोबत प्रमाणपत्र नसतं, आणि मोठ्या कंपनीचा अंतिम स्वीकृती अहवाल अशा मीटरच्या आकड्यावर भरता येत नाही. शिकण्यासाठी आणि दोष शोधण्यासाठी तो चांगला आहे.

इथेच हिरव्या आणि निळ्या कनेक्टरचं सांगून टाकतो. हिरव्या एससी एपीसी कनेक्टरचं टोक ८ अंश तिरकं घासलेलं असतं, निळ्या यूपीसीचं जवळपास सपाट. दोन्ही एकाच कपलरमध्ये (दोन कनेक्टर समोरासमोर जोडणाऱ्या तुकड्यात) आरामात जातात, म्हणून घोटाळा होतो. आत मधे हवेची फट राहते, तीन-चार डीबीचा फटका बसतो आणि टोकं एकमेकांवर घासून खराब होतात. मीटरच्या तोंडाला मात्र दोन्ही चालतात, कारण तिथे टोक कशाला टेकत नाही.

व्हीएफएलवर बहुतेकदा १० मिलिवॅट छापलेलं असतं, प्रकाश ६५० नॅनोमीटरचा, लाल. तुटलेली पिगटेल (एकाच टोकाला कनेक्टर असलेला फायबर), ट्रेमधला जास्तीचा वाक, चुकीचा कोर, हे सगळं शोधायला याच्यासारखी दुसरी वस्तू नाही. पिवळ्या पॅचकॉर्डमधून आणि ९०० मायक्रॉनच्या बफरमधून लाली बाहेर दिसते. काळ्या ड्रॉप केबलमधून दिसत नाही, म्हणून पोलवरच्या तुटीसाठी याच्या भरवशावर राहू नका, तिथे ओटीडीआरच लागतो. लाल लाइट सोडण्याआधी दोन्ही टोकं ओएलटी आणि ओएनटीमधून काढलेली असावीत, रिसीव्हरवर एवढा प्रकाश टाकणं बरं नव्हे. आणि डोळे. पापणी मिटण्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेने आपला बचाव होतो तो १ मिलिवॅटपर्यंतच्या दृश्य लेझरपासून. हा त्याच्या दहापट आहे. ‘लाइट येतोय का’ म्हणून कनेक्टर डोळ्यासमोर धरण्याची सवय ज्यांना लागली आहे त्यांनी ती आजच सोडावी. हातावर किंवा कागदावर पाडून पाहा. जीपॉनचा प्रकाश तर दिसतच नाही, म्हणून तो जास्त सांभाळायचा.

पेन बिघडतो तो दोन कारणांनी. तोंडातली पांढरी सिरॅमिक नळी कनेक्टर तिरका घुसवल्याने तडकते, किंवा पावसाळ्यात सेल आतच राहून गळतात. काम संपलं की सेल काढून ठेवा.

अल्कोहोलची बाटली रिकामी येते. तिच्यात ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल भरायचं, तेच. हाताचं सॅनिटायझर भरणारे लोक दिसतात. त्यात पाणी असतं आणि बहुतेकदा ग्लिसरीन. काचेवर त्याची साय राहते, आणि क्लीव्ह कितीही चांगला असला तरी जोडात बुडबुडा येतो. शिवाय ही पंपाची बाटली बॅग आडवी झाली की झिरपते. वेगळ्या प्लास्टिक पिशवीत, उभी ठेवा.

आता किटमध्ये नसलेल्या वस्तू, ज्या त्याच दिवशी घ्यायच्या. धागे न सोडणाऱ्या पुसण्या, एक डबा. रुमाल, बनियनचा तुकडा किंवा कापूस चालत नाही. २.५ मिलिमीटरचा वन-क्लिक क्लीनर, एससी कनेक्टर आणि कपलरच्या आतल्या टोकासाठी. एलसी कनेक्टर असतील तर १.२५ मिलिमीटरचा वेगळा. फायबरच्या आत प्रकाश वाहणाऱ्या गाभ्याचा व्यास ९ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे बोटाचा तेलकट ठसा त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा. प्रत्येक कनेक्टर लावण्याआधी एक क्लिक, मग तो नवाकोरा पाकिटातला का असेना. पाकिटातल्या टोपीतही धूळ असते. किटच्या पैशांतला एखादा भाग वाचवायचा झाला तर स्क्रूड्रायव्हर सोडा, मापाची पट्टी सोडा, पण क्लीनर सोडू नका.

काचेच्या तुकड्यांसाठी झाकणाची डबी. स्वस्त क्लीव्हरला तुकडे साठवायचा कप्पा बहुधा नसतो. औषधाच्या गोळ्यांची फिरकीच्या झाकणाची डबी घ्या, आत दुतर्फी टेप लावा, प्रत्येक तुकडा त्यात. ग्राहकाच्या घरात आपण चप्पल बाहेर काढून जातो, फरशीवर मांडी घालून क्लीव्ह करतो, आणि त्याच फरशीवर नंतर लहान मूल रांगतं. १२५ मायक्रॉनचा तुकडा फरशीवर दिसत नाही, त्वचेत गेला की सहज निघत नाही. गडद रंगाचा एखादा रबरी किंवा रेक्झिनचा तुकडा पसरून त्यावरच काम करा आणि उठताना तो टेपने टिपून घ्या. सेफ्टी चष्मा हवाच.

लॅन केबलला कनेक्टर दाबून बसवायचं क्रिंपिंग टूल आणि साधा केबल टेस्टरही किटमध्ये नाही, आणि फायबरच्या माणसाला ते लागत नाही ही समजूत चुकीची आहे. ३०० एमबीपीएसचा प्लॅन आणि लॅपटॉपवर ९४-९५ च्या वर स्पीड जात नाही, ही तक्रार फायबरची नसते. १०० एमबीपीएसला १, २, ३, ६ या चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्या चारांतली एक तार तुटली की जोडणी १०० वर उतरते आणि लाइन चालू दिसत राहते. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी, हा ५६८बी चा क्रम दोन्ही टोकांना ठेवून नवा कनेक्टर मारला की पाच मिनिटांत काम होतं.

आणि एक विजेचा टेस्टर, स्पर्शाविना दाखवणारा. ड्रॉप केबलची लोखंडी तार वाटेत कुठे विजेच्या तारेला टेकली असेल हे खालून दिसत नाही. पण टेस्टरने धोका ओळखता येतो, टाळता येत नाही. पट्टा, हेल्मेट, इन्शुलेटेड शिडी आणि हातमोजे यांचा या किटशी संबंध नाही, ते कंपनीने द्यायचं आहे. दिलं नसेल तर पोलवर चढायला नाही म्हणणं हे शिकाऊ माणसाला अवघड जातं, तरी नाहीच म्हणावं. सोबतच्या सिनिअरनेही त्याला तसं म्हणू द्यावं.

बॅगेबद्दल थोडंसं. चेन वर्षभर टिकते, खांद्याचा पट्टा त्याआधी उसवतो, चांभाराकडून आधीच दुहेरी शिवून घ्यावा. इलॅस्टिकमध्ये क्लीव्हर ठेवणं मात्र चूक. दुचाकीच्या हादऱ्यांनी ब्लेडची जागा हलते. क्लीव्हरला फोम घातलेला कडक डबा हवा, काही किटांत तो येतो. कोकणात आणि मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, महिन्याला बदला. मीटरच्या तोंडावरची रबरी टोपी हरवली तर डिटेक्टरवर बुरशीचा थर बसतो आणि आकडा हळूहळू खाली सरकतो.

दुकानात जाताना सोबत पाच मीटर टाकाऊ फायबर, एक चांगली पॅचकॉर्ड, दोन सेल आणि अल्कोहोलची छोटी बाटली न्या. स्ट्रिपरची दहा तुकड्यांची चाचणी काउंटरवरच करता येते. लाल लाइट पॅचकॉर्डमधून सोडून दुसऱ्या टोकाला कागदावर गोल, सारखा ठिपका पडतो का पाहा, अर्धचंद्र दिसला तर पॅचकॉर्ड पुसून पुन्हा पाहा, तरीही तसाच राहिला तर पेन बदलून मागा. मीटरचं तोंड बंद ठेवून पडद्यावर आकडा स्थिर किंवा ‘लो’ राहतो का पाहा. क्लीव्हरचा स्लायडर आडवा हलवा, खडखडला तर दुसरा नग. जीएसटीचं बिल घ्या, आणि क्लीव्हरची वीस क्लीव्हची चाचणी मशीनवर करून नापास झाल्यास आठवड्याच्या आत बदलून मिळेल असं त्या बिलावरच लिहून घ्या. लिहून द्यायला तयार नसलेल्या दुकानातून घेऊ नका, शेजारी दुसरं दुकान असतंच.

कोण घेऊ नये? ज्यांच्या टीममध्ये घरोघरी फास्ट कनेक्टर जवळपास बंद झालेत आणि सगळे जोड मशीननेच होतात, त्यांनी पूर्ण किटऐवजी पैसे साठवून नावाजलेल्या कंपनीचा क्लीव्हर आणि स्ट्रिपर वेगवेगळे घ्यावेत. खर्च जास्त येईल, पण बदली ब्लेड आणि पॅड मिळत राहतात. किटमधल्या क्लीव्हरचं ब्लेड संपलं की दुकानदार बहुतेक वेळा नवा क्लीव्हरच पुढे करतो. मोठ्या जोडकामात, २४ किंवा ४८ कोरच्या जेसी बॉक्समध्ये (केबलचे जोड ठेवायच्या पेटीत), याचा फरक लगेच दिसतो. तिथे एकेक बिघडलेला क्लीव्ह म्हणजे पुन्हा सोलणं, पुन्हा स्लीव्ह, आणि ट्रेमधली फायबरची लांबी दर वेळी चार सेंटिमीटरने कमी. तीन-चारदा असं झालं की वळसा पुरत नाही, आणि मग बॉक्समध्ये केबल नव्याने ओढून घ्यावी लागते.